पंखे चालू आहेत

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि हलायचं नावच घेईना. सकाळी अंगणातला नळ सोडला तर पहिल्या पाण्याने बोटं पोळायची. दुपारी पत्र्यावर कावळा उतरायचा, एक पाय उचलायचा, मग दुसरा, आणि वैतागून उडून जायचा.

घराच्या मागे कोंबड्यांची लांबच लांब शेड होती. जागा घरच्यांची, राबणं त्यांचंच, पक्षी मात्र कंपनीचे. कंपनी पिल्लं आणून सोडायची, खाद्य पाठवायची, आणि पक्षी वजनाला आले की गाडी भरून घेऊन जायची. मग शेड धुवायची, तूस पसरायचं आणि पुढच्या लॉटची वाट बघायची. घरात माणसं तीन. म्हातारे सासरे, त्यांचा धाकटा मुलगा आणि त्याची बायको. थोरला मुलगा बायकापोरांसह कधीच शहरात गेला होता, तरी हिला सगळे अजून धाकटीच म्हणायचे. ज्या घरात थोरली नांदत नाही तिथे ही एकटीच धाकटी होती.

शेडच्या दोन्ही लांब बाजूंना जाड पडदे घट्ट बांधलेले असत. एका टोकाला पाणी झिरपणारी ओली जाळी, दुसऱ्या टोकाला माणसाएवढे पंखे. पंखे आतली हवा बाहेर ओढायचे आणि जाळीतून गार हवा आत यायची. बाहेर आग ओतत असली तरी आत पक्षी निवांत दाणे टिपायचे. पंखे थांबले तर मात्र तीच शेड झाकण लावलेलं भांडं होती.

पूर्वी पंखे हाताने चालू-बंद करत. धाकटीचा नवरा शेडच्या दारातच खाटेवर पडायचा. जरा आवाज बदलला की उठायचा. वर्षानुवर्षं त्याला सलग झोप माहीत नव्हती. डोळे कायम लाल, बोलताना मध्येच वाक्य सुटायचं. एकदा तर हातात खाद्याचं घमेलं घेऊन तो उभ्या उभ्या झोपला होता.

मग कंपनीने भिंतीवर बॉक्स बसवला. आत तापमान किती, कुठला पंखा कधी लावायचा, पाणी कधी सोडायचं, वीज गेली की जनरेटर कधी चालू करायचा, सगळं बॉक्सच ठरवणार. बसवायला आलेल्या माणसाने जुनी बटणं उपटून पोत्यात भरली आणि नेली. "आता हात लावायची गरजच नाही," तो म्हणाला. बॉक्सच्या दाराला कुलूप नव्हतं. एक आकडा दाबला की ते उघडायचं, आणि तो आकडा फक्त नवऱ्याला माहीत होता. त्याच्या फोनवर शेडचं चित्र दिसायचं. पंखे चालू असले की हिरवे, बंद असले की लाल.

सासऱ्यांनी बॉक्सचं नाव जावई ठेवलं होतं.

"येता-जाता त्याच्याकडे बघायचं, पण काही बोलायचं नाही," ते म्हणायचे. "त्याची मर्जी सांभाळायची. आणि रुसला तर पोराने शहरात फोन लावायचा."

नवरा हसायचा. "बाबा, निदान हा जावई रात्रभर जागतो. तुमचा मुलगा झोपतो, ते बघा की."

त्यात खोटं काही नव्हतं. बॉक्स आल्यापासून नवऱ्याच्या अंगावर जरा मांस चढलं होतं. तो जेवताना बोलायला लागला होता. खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर आला की दोघांच्या गप्पा रंगायच्या. ड्रायव्हर म्हणायचा, "माझ्या गाडीत बाई बोलते. डावीकडे वळा म्हणते. डावीकडे तळं. मी म्हणतो, बाई, तू आधी उतर." त्यावर नवरा समजावून सांगायचा की मशीन चुकत नाही, आपण त्याला चुकीचं सांगतो. हे वाक्य तो कंपनीच्या बैठकीत ऐकून आला होता आणि त्याला ते फार आवडलं होतं.

धाकटीला बॉक्सबद्दल बरं-वाईट काही वाटायचं नाही. नवरा झोपतो एवढं तिला पुरे होतं. ती सकाळ-संध्याकाळ शेडमधून फेरी मारायची, मेलेला पक्षी उचलायची, तूस खालीवर करायची, पाण्याच्या नळ्या पुसायची. तिच्याकडे बटणांचा फोन होता. "तुला कशाला मोठा?" नवरा म्हणायचा, आणि तिलाही ते पटायचं.

पक्षी वजनाला आले होते, गाडी आज-उद्या यायची होती, तेव्हा शहरातून थोरल्याचं दुखणं कळलं. छातीत कळ येऊन तो दवाखान्यात पडला होता. नवरा निघाला.

"शेडचं काय?" धाकटीने विचारलं.

"फोन माझ्या खिशात आहे. तिथून सगळं दिसतं," तो म्हणाला. "तू फक्त मेलेले उचल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. शेडचा आवाज तिच्या कानात इतका मुरला होता की तो आहे हे तिला कधी जाणवायचं नाही. तो गेला, आणि आपल्या हाताची थाप तिलाच मोठ्याने ऐकू आली. ती पिठाच्या हातानेच उठली.

पंखे उभे होते. बारीक घुं असा आवाज येत होता, पण पाती जागची हलत नव्हती. बॉक्सचा दिवा मात्र नीट लागलेला. दार उघडलं तसा तोंडावर वाफेचा लोट आला. आत सगळीकडे पांढरे पक्षी पंख अंगापासून सोडून, माना लांब करून बसले होते. चोची वासलेल्या. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंडानेच आतलं ऊन बाहेर टाकते. शेडभर तो धापांचा आवाज भरून राहिला होता.

तिने फोन लावला.

"अहो, पंखे बंद पडलेत."

"बंद?" नवरा दबक्या आवाजात बोलत होता. दवाखान्याच्या जिन्यात असावा. "थांब, बघतो." मग जरा वेळाने, "अगं, चालू आहेत. सगळे हिरवे दिसतात."

"मी समोर उभी आहे. पाती फिरत नाहीत."

"वीज आहे का?"

"बॉक्सचा दिवा लागलाय."

"मग झालं तर. वीज गेली असती तर जनरेटर आपोआप लागला असता. आणि आतलं तापमानपण बरोबर दाखवतोय."

"अहो, माझं लुगडं अंगाला चिकटलंय. पक्षी धापा टाकतायत."

"उन्हाळ्यात धापा टाकणारच. लांबून तुला फिरतायत का नाही ते कळत नसेल. उजेडात पाती दिसत नाहीत."

ती पंख्याच्या जाळीपाशी गेली. आत हात घालून तिने पात्याला बोट लावलं. पातं गरम होतं आणि निश्चल होतं. "मी हात लावलाय पात्याला," ती म्हणाली.

पलीकडे तो चिडला. "वेडी आहेस का? बोटं जातील. मी कंपनीत विचारतो, तू थांब."

ती थांबली. तेवढ्यात सासरे काठी टेकत आले. त्यांनी एकदा आत डोकावलं आणि म्हणाले, "पडदे सोड." पण पडदेही आता बॉक्सच्या दोरीवर होते, हाताने सुटत नव्हते. सासऱ्यांनी बॉक्सकडे बघितलं. दाराशी पहार उभी होती. त्यांनी ती उचलून तिच्या हातात दिली.

"फोड," ते म्हणाले. "आतल्या खटक्याने जनरेटर तरी लागेल."

फोन वाजला. "कंपनीतल्या बाईने बघितलं," नवरा म्हणाला. "त्यांच्याकडेपण सगळं चालू दिसतंय. तिथे वर सगळी नोंद जाते. म्हणाली, काळजीचं कारण नाही."

"मला आकडा सांगा. मी दार उघडते."

"काय करणार उघडून? भलतंच काही दाबशील, आणि आहे ते बंद पडेल."

"मामा म्हणतात फोडायचा."

"बॉक्सला हात लावायचा नाही." आता त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. मागून कुणीतरी त्याला हळू बोलायला सांगितलं. "ऐक. तो कंपनीचा आहे. त्याला पहार लागली तर पुन्हा आपल्या दारात पिल्लू येणार नाही. दादाला आत तपासायला नेलंय. जरा धीर धर."

तिने पहार भिंतीला टेकवून ठेवली. पुढे कितीतरी दिवस तिला आठवायची ती पहार भिंतीला टेकवतानाची वेळ. तिने ती अगदी हळू टेकवली होती, आवाज होऊ नये म्हणून.

पहिल्यांदा मधल्या भागातले पक्षी आडवे झाले. वजनाला आलेला पक्षी जड असतो, त्याला स्वतःचंच अंग सोसत नाही. एक पाय ताणायचा, पंख एकदा फडफडायचा आणि संपायचं. शेजारचे सरकायचे आणि त्यांच्या अंगावर चढून बसायचे. धाकटीने बादल्या भरल्या. सासरे नळापाशी, ती आत. पाणी शिंपडलं की क्षणभर बरं वाटायचं, मग त्या पाण्याचीच वाफ व्हायची. तुसातून उग्र वास उठला आणि तिचे डोळे झोंबायला लागले. पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ती मेलेल्यांवरून चालत होती, आणि पायाखाली एखादा जिवंत निघायचा.

शेवटी तिने घरातून विळा आणला आणि पडदा कापला. वरून खाली एक चीर, पलीकडे दुसरी. पडदा जाड होता, विळा अडकायचा. ती दोन्ही हातांनी ओढत गेली. तळहाताची कातडी सोलवटली. बाहेरचा वारा आत शिरला तो भट्टीतला वारा होता, पण वारा होता. कडेच्या काही पक्ष्यांनी माना वर केल्या.

सासरे रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि आल्या-गेल्याजवळ लाइनमनसाठी निरोप देत राहिले. उन्हं कलताना लाइनमन आला. खांबावर चढला आणि उतरला.

"तीन तारांतली एक गेली होती," तो म्हणाला. "उरलेल्यांवर दिवा लागतो, तुमचा बॉक्स चालतो, पंखे लावले असंच तो दाखवतो. मोटर कशी फिरणार?"

"कधी गेली?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते कसं सांगू? माझ्या फोनवर तर या भागात वीज चालू होती."

तो पुन्हा चढला आणि त्याने तार जोडली. सगळे पंखे एकदम गरजले. ओढीच्या वाऱ्याने शेडभर पडलेल्या पक्ष्यांची पिसं उभी राहिली. जणू सगळे एकदम उठू बघत होते.

दिवेलागणीला नवरा आला. शहरातून निघाल्यापासून त्याने फोन हातातून सोडला नसावा. शेडच्या दारात तो उभा राहिला. आधी त्याने खाली बघितलं. मग त्याची नजर वर, पलीकडच्या टोकाला गेली.

"पंखे तर चालू आहेत," तो म्हणाला.

"आत्ता लागले," ती म्हणाली.

त्याने फोन उघडला, पुन्हा पंख्यांकडे बघितलं. हिरवं आणि चालू, दोन्ही जुळत होतं. फक्त पायाखालचं जुळत नव्हतं.

"दादा कसे आहेत?" तिने विचारलं.

"बरा आहे," तो म्हणाला, आणि शर्ट काढून मेलेले उचलायला वाकला.

सकाळी खड्डा खणणारं मशीन आलं. तिघं पोत्यांतून पक्षी आणून टाकत होते. रात्र उलटल्यावर ते फुगले होते, पाय धरले की कातडी हातात यायची. माश्यांचा काळा पडदा खड्ड्यावर हलत होता. तेवढ्यात कंपनीचा सुपरवायझर आला. पोरगेलाच होता, स्वच्छ बूट, तोंडाला रुमाल. उद्धट नव्हता. खड्ड्यापाशी येऊन त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "वाईट झालं." मग हातातली, फोनसारखीच पण मोठी, काचेची पाटी उघडली.

"हे कालचं," त्याने नवऱ्याला दाखवलं. "पंखे दिवसभर चालू. ही तापमानाची रेघ बघा, सरळ आहे. दुपारी इथे अचानक वर गेली. इथे काय झालं?"

नवरा पाटीवर वाकला.

"इथे पडदे कापले," सुपरवायझर म्हणाला. "बाहेरचं ऊन आत आलं."

धाकटी पोतं खाली ठेवून पुढे आली. "साहेब, ते मोजणारं ओल्या जाळीजवळ टांगलंय. तिथे पाणी झिरपतं, तिथे गारच लागणार. मधे पक्षी मरत होते. मेले, म्हणून मी पडदे कापले."

"ताई, तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही."

"मी होतो तिथे," सासरे म्हणाले. "पंखे बंद होते. लाइनमनला विचारा."

लाइनमनला बोलावलं. तो सायकल हातात धरूनच उभा राहिला. सुपरवायझरने विचारलं तसं त्याने एकदा खांबाकडे बघितलं.

"किरकोळ काम होतं," तो म्हणाला. "सैल तार घट्ट केली."

"काल काय म्हणालास?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, वीज गेल्याची तक्रार कुठे नोंदलेली नाही. नोंद नसताना मी गेली म्हटलं, तर ती माझ्या गळ्यात येते. मला घरदार आहे." आणि तो सायकलवर बसून गेला. जाताना त्याने धाकटीकडे बघायचं टाळलं.

सुपरवायझरने पाटी पुन्हा नवऱ्यापुढे धरली. नवरा ती रेघ बघत राहिला. सरळ येणारी आणि मग एकदम चढणारी. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून पाटीवर पडला, तो त्याने अंगठ्याने पुसला. मग त्याने मान वर केली आणि सगळ्यांसमोर बायकोला विचारलं,

"नीट आठवून सांग. आधी पक्षी मेले का आधी तू पडदे कापलेस?"

धाकटीच्या तळहातावरची कातडी ठणकत होती. तिला उत्तर माहीत होतं. पण ते ती आधीच देऊन बसली होती, फोनवर, पात्याला बोट लावून. ती वळली आणि पोतं उचलून खड्ड्याकडे गेली.

उरलेले पक्षी कंपनीने नेले. शेड धुताना तुसाच्या थराखाली वास राहून गेला होता, तो जाता जाईना. नवरा वाकून वाकून फरशी घासायचा. तो तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. मीठ कमी आहे. बादली दे. सासऱ्यांनी जावई म्हणायचं सोडून दिलं. ते आता दिवसभर घराच्या पुढच्या बाजूला बसायचे, शेडकडे पाठ करून.

पुढचा लॉट मिळेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. नवरा कंपनीच्या ऑफिसात खेटे घालत राहिला. एका संध्याकाळी तो आला आणि हातपाय न धुताच जेवायला बसला.

"पिल्लं देतो म्हणाले," तो म्हणाला.

"बरं झालं," धाकटी म्हणाली.

"दारावर कॅमेरा बसवणार. आत फक्त मी जायचं. दुसरं कुणी दिसलं की लॉट उचलून नेणार." त्याने घास उचलला आणि ताटातच फिरवत राहिला. "मी हो म्हणून आलो. दुसरं काय म्हणणार होतो?"

तिने त्याला भाकरी वाढली. "बाहेरची कामं मी करीन," ती म्हणाली.

पिल्लं आली, कॅमेरा आला, नवे पडदे आले. आत नवरा एकटा. धाकटी बाहेर खाद्याची पोती दारापर्यंत ओढून द्यायची आणि मागे फिरायची. भिंतीपलीकडून चिवचिवाट यायचा. पहिले काही दिवस ती त्यात काहीतरी ओळखीचं शोधत राहिली. मग तिने शोधणं सोडलं. आवाज येतो म्हणजे जिवंत आहेत, एवढं तिने धरून ठेवलं.

नवऱ्याची झोप पुन्हा गेली. डोळे लाल झाले. फोन हिरवा दाखवायचा तरी तो उठून आत जायचा, बाहेर यायचा, फोन बघायचा, पुन्हा आत जायचा.

पक्षी जरा मोठे झाले तेव्हा एका दुपारी तो घरात आला. ती धान्य निवडत होती. तो दारातच उभा राहिला.

"जरा चल," तो म्हणाला. "मला काहीतरी वेगळं वाटतंय."

"फोन काय म्हणतो?"

"फोन ठीक म्हणतो."

ती उठली. शेडच्या दारापाशी दोघं आले. वर कॅमेऱ्याचा काळा डोळा होता. धाकटी त्याच्या टप्प्याअलीकडे थांबली.

"तुम्ही आत जा," ती म्हणाली. "चोची उघड्या आहेत का बघा."

तो आत गेला आणि बाहेर आला. "काही उघड्या, काही मिटलेल्या."

"पंख अंगाला लावलेत की सोडलेत?"

तो पुन्हा आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "सोडल्यासारखे वाटतात," तो म्हणाला. "नेहमी कसे असतात?"

तिने सांगायला तोंड उघडलं. नेहमी कसे असतात ते तिला डोळ्यासमोर आणायचं होतं. तिथे फक्त त्या दुपारचे पक्षी येत होते, आडवे, पाय ताणलेले. त्याआधीची इतकी वर्षं, इतक्या फेऱ्या, त्यातलं एकही पाखरू पुढे येईना.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय नाही."

"आत जाऊ नकोस," तो म्हणाला.

"नाही जात."

ऊन सरळ डोक्यावर होतं. दारापलीकडे पंख्यांचा आवाज येत होता, बारीक होता की नेहमीसारखा, दोघांनाही ठरवता येईना. तो तिच्याकडे बघत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्याकडे असा बघत होता, आणि तिच्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं.

तिने पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"दाखवा," ती म्हणाली, "फोन काय म्हणतो ते."